तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेलं हरीण कुणाचं?

फोनवर इकडचं-तिकडचं बोलणं झालं की नाशिकची मावशी हळूच विषय काढते. "तुमच्या अमेरिकेतल्या ओरेगनात म्हणे गाडीखाली मेलेलं हरीण लोक घरी नेऊन शिजवतात? आणि सरकार त्याचा परवाना देतं?" पुण्यातले शाळासोबती हेच विचारतात, फक्त हसत हसत. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

हो, खरं आहे. ओरेगनच्या विधिमंडळानं २०१७ मध्ये तसा कायदा केला आणि १ जानेवारी २०१९ पासून तो लागू झाला. त्याआधी रस्त्यावर मेलेलं हरीण उचलून नेणं इथेही बेकायदाच होतं. परवाना फुकट मिळतो आणि तो ऑनलाइन भरायचा असतो, तोही जनावर उचलल्यापासून चोवीस तासांच्या आत. म्हणजे आधी उचला, मग भरा. सरकारी कामाचा हा उलटा क्रम मावशीला अजून पटलेला नाही.

पण "फुकटचं मटण" असं जे चित्र तिकडे उभं राहतं, ते अटी वाचल्या की विरून जातं. पहिली अट म्हणजे फक्त हरीण आणि एल्क. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण त्याहून थोराड. मोठा नर तीनशे किलोच्या घरात जातो. अस्वल, प्राँगहॉर्न (काळविटासारखं दिसणारं इथलं जनावर), रानमेंढा यांना हात लावायचा नाही. हरणांतही व्हाइट-टेल्ड जातीचं हरीण राज्याच्या पूर्वेकडच्या ठरावीक काउंट्यांतच (म्हणजे जिल्ह्यांतच) उचलता येतं, कारण पश्चिमेकडे कोलंबियन व्हाइट-टेल्ड ही त्याची दुर्मीळ उपजात आहे.

दुसरी अट भल्याभल्यांना घरी बसवते. अख्खं जनावर न्यायचं, आतड्या-कोथळ्यासकट. मांड्या कापून घेतल्या आणि बाकीचं कडेला टाकलं, असं चालत नाही. मला ही अट सगळ्यात शहाणपणाची वाटते. रस्त्याकडेला आतडी पडली की गरुड, कावळे, कोल्हे जमतात, आणि पुढच्या गाडीखाली त्यांतलाच एखादा जातो. शिवाय ते गोळा करायला रात्रीबेरात्री कुणी सरकारी माणूस येणार नाही, हेही इथल्या वन्यजीव खात्यानं स्पष्ट लिहून ठेवलंय. आता साध्या सेडानच्या डिकीत तीनशे किलोचं धूड कोण घालणार?

तिसरी अट मुंडक्याची. डोकं शिंगांसकट पाच कामकाजी दिवसांत वन्यजीव खात्याच्या कार्यालयात नेऊन द्यायचं. का, तर दोन कारणं. एक रोगाचं. हरणांत 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' नावाचा मेंदूचा रोग आहे. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि कितीही शिजवलं तरी ते प्रथिन मरत नाही. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नका, असं आरोग्य यंत्रणा सांगते. शेजारच्या आयडाहोत तो २०२१ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यात २०२४ मध्ये सापडला, त्यामुळे तपासणीसाठी येणारं प्रत्येक डोकं खात्याला हवंच असतं.

दुसरं कारण माणसाच्या स्वभावाचं. दिवाणखान्यात टांगण्याजोग्या शिंगांसाठी इथे लोक काय काय करतात ते पाहिलं, की शिंगं का काढून घेतात हे विचारावं लागत नाही. मुद्दाम गाडी घालणं गुन्हा आहेच. पण मुद्दाम घातली की चुकून लागली, हे सिद्ध करायचं कुणी? त्यापेक्षा हौस भागेल असा भागच काढून घेतलेला बरा. मांस विकायलाही बंदी आहे. दुसऱ्याला द्यायचं तर तशी लेखी नोंद हवी. आणि खाऊन पोट बिघडलं तर सरकार जबाबदार नाही.

जनावर जखमी असेल तर मामला वेगळा. ज्याच्या गाडीची धडक बसली आणि ज्याला ते मारून यातनांतून सोडवावं लागलं, तोच चालक ते नेऊ शकतो, आणि पोलिसांना लगेच कळवावं लागतं. मागून आलेल्या तिसऱ्यानं तिथे उतरून आपला हात साधायचा नाही.

मी नेतो का? नाही. माझ्याकडे ना पिकअप, ना एवढं मोठं जनावर सोलण्याचा हात. शिकार करणारे शेजारी सांगतात ते मात्र मला पटतं. नोव्हेंबरच्या थंडीत नुकतंच पडलेलं असेल तरच बघायचं, उन्हाळ्यात विचारही करायचा नाही. धडक पोटावर बसून कोथळा फुटला असेल तर सोडून द्यायचं. रक्त साकळलेला भाग कापून टाकायचा.

मग तुमचा दुसरा प्रश्न येतो: आपल्याकडे असं का नाही? गंमत म्हणजे दोन्हीकडच्या कायद्यांची सुरुवात सारखीच आहे. रानातलं जनावर कुणा एकाचं नाही, ते सरकारच्या ताब्यातलं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३९ तर सांगतं की मृत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता. ताब्यात आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं आणि मागितल्यावर सोपवायचं. फरक पुढे पडतो. इथे शिकार कायदेशीर आहे. टॅग म्हणजे शिकारीचा परवाना घेऊन, ठरल्या हंगामात हजारो लोक हरीण मारून आणतात, त्यामुळे रस्त्यावरच्या हरणाचा परवाना म्हणजे मोठ्या वाड्याची एक लहान खिडकी. आपल्याकडे वाड्याचे दरवाजेच बंद आहेत. तिथे ही खिडकी उघडली तर सगळी ये-जा तिच्यातूनच होईल, आणि फासात मेलेलं प्रत्येक चितळ "गाडीखाली आलं" म्हणून दाखवलं जाईल. म्हणून आपला नियम आपल्याकडे बरोबर आहे, असं माझं मत. तिकडे करण्यासारखं आहे ते रस्ता बांधतानाच. नागपूरहून शिवनीला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या जंगलात जनावरांसाठी नऊ भुयारी वाटा आणि पूल केलेत. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे, आणि वाघसुद्धा त्याखालून जातात.

तेव्हा मावशी, गाडीसमोर रानडुक्कर आलं आणि लागलंच, तर डिकी उघडू नकोस. गाडी कडेला घे, दिवे चालू ठेव, जनावर जिवंत असेल तर जवळ जाऊ नकोस, आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लाव.