थंडी बघून ठरवलेली ब्लू स्प्रिंगची फेरी

फ्लोरिडात ऑरलँडोला येणारे आपले पाहुणे हमखास विचारतात, मॅनेटी (समुद्रगाय म्हणतात तो पाण्यातला मोठा, शाकाहारी सस्तन प्राणी) कुठे बघायला मिळतील? मी सांगते, ऑरेंज सिटीचं ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क. फक्त दिवस सुट्टी बघून ठरवू नका, थंडी बघून ठरवा.

इथल्या झऱ्याचं पाणी बाराही महिने साधारण २२ अंश सेल्सिअस असतं. तो ज्या सेंट जॉन्स नदीला मिळतो, तिचं पाणी हिवाळ्यात २० अंशांच्या खाली गेलं की मॅनेटींना सोसत नाही, मग ते उबेला झऱ्यात शिरतात. जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी इथे ९३२ मॅनेटी मोजले गेले.

आईबाबा पुण्याहून आले होते, तरी आम्ही थांबलो. दोन-तीन रात्री चांगला गारठा पडल्यावरच निघालो. फाटक आठला उघडतं; साडेसातलाच गाड्यांची रांग लागली होती. गाडीमागे सहा डॉलर. आतली जागा भरली की काही वेळ कुणालाच सोडत नाहीत, म्हणून शनिवार-रविवार टाळलेलाच बरा.

झऱ्याच्या काठाने लाकडी पायवाट आहे. पाण्यावर वाफ होती आणि खाली राखाडी ओंडके रचून ठेवावेत तसे मॅनेटी पडून होते. मग एक वर आला. आधी फक्त नाक दिसलं. दोन्ही नाकपुड्या उघडल्या, फुस्सकन श्वास सुटला, की लगेच घट्ट मिटल्या. बाबा त्या एकाच जागी कितीतरी वेळ उभे राहिले.

आईचं लक्ष मात्र एकाच्या पाठीवर गेलं. ओळीने पांढरे व्रण. "अगं, याला काय झालंय?" बोटीच्या पंख्याचे घाव ते. अशा व्रणांवरूनच संशोधक इथला एकेक मॅनेटी ओळखतात. इतक्या गरीब जनावराची ओळख आपण केलेल्या जखमांवरून पटावी, याचं मला फार वाईट वाटलं. नदीत बोटींना वेग कमी ठेवायला लावणारे फलक मला तेव्हापासून कधीच जाचक वाटले नाहीत.

झऱ्यात त्यांना चरायला फारसं काही नसतं. ऊन चढलं की बरेचसे नदीकडे निघतात, तेव्हा सकाळीच पोटभर बघून घ्या. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत झऱ्यात पोहायला बंदी असते. मुलांना डुंबायचंच असेल तर उन्हाळ्यात वेगळी फेरी करा. त्या दिवसांत मॅनेटी मात्र दूरवर पांगलेले असतात.