गिटारच्या पोटातला पंखा

स्पेनमधल्या ग्रनाडात अल्हाम्ब्रा राजवाड्याकडे चढणारा कुएस्ता दे गोमेरेस हा रस्ता माझ्या रोजच्या वाटेवरचा, तिथं गिटार बनवणाऱ्यांची दुकानं आहेत, पण आत शिरायला मला दीड वर्ष लागलं.

माएस्त्रोंनी, म्हणजे तिथल्या गिटार बनवणाऱ्या उस्तादांनी, पुढ्यात गिटारची वरची फळी ठेवली, आपल्याकडे तंबोऱ्याची तबली असते ना, तशी. स्प्रूसच्या लाकडाची, जेमतेम २ मिलीमीटर. खिडकीकडे धरली तर उजेड आरपार येतो. आणि या एवढ्याशा फळीला तारांचा साधारण ४० किलोचा ताण सोसायचाय! तो सोसतात आतून चिकटवलेल्या बारीक पट्ट्या, भोकाच्या खालून पंख्यासारख्या पसरलेल्या, ५ किंवा ७. आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेसनं (१८१७ ते १८९२) ७ पट्ट्यांची मांडणी पक्की केली, पंखा त्याच्या आधीही होता. वरची फळीच खरा आवाज देते हे दाखवायला पठ्ठ्यानं १८६२ मध्ये बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची करून गिटार बनवली, ती आज बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

फ्लामेंको, म्हणजे इथल्या दक्षिण स्पेनच्या नाचगाण्याच्या, गिटारचं गणित वेगळं. तिला आवाज लांबवायचा नसतो, फटकन उठून फटकन विझायला हवा, नाहीतर नाचणारीच्या टाचा आणि रास्गेआदोचे, म्हणजे बोटांनी सगळ्या तारा झपाझप छेडण्याचे, झपाटे एकमेकांत कालवले जातात. म्हणून बाजू सायप्रसच्या हलक्या लाकडाच्या, फळी पातळ आणि पट्ट्याही हलक्या. क्लासिकल गिटारमध्ये पंख्याच्या खाली दोन तिरक्या पट्ट्या असतात, इथं बरेच जण त्या लावतच नाहीत, खालचा भाग मोकळा हलावा म्हणून.

पट्ट्या सरसानं चिकटवतात, हो, आपला तोच सुताराचा गरम सरस. मग पटाशीनं पट्टीची टोकं उतरवत न्यायची, शेवटी फळीत विरून जातील इतकी. माएस्त्रो दोन साली काढायचे, फळी कानाशी धरून अंगठ्यानं टकटक करायचे, परत एक साल. मोजपट्टी बाजूलाच पडलेली. मला म्हणाले तू ठोक, मी ठोकलं, मग त्यांनी मधल्या पट्टीची एकच साल काढली, केसासारखी, आणि परत ठोकायला सांगितलं. आवाज खाली उतरला होता. मलासुद्धा कळलं! ती साल मी पाकिटात जपून ठेवलीय, अजून सायप्रसचा वास येतोय तिला, कारण या माएस्त्रोंच्या पट्ट्यासुद्धा सायप्रसच्या असतात.