आमची वाटचाल: लोणचं तुमचं, कैरी फोडणं आमचं

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते लोणचं नव्हे. खपते ती फोडलेली कैरी. धुतलेली, पुसून खडखडीत कोरडी केलेली, बाठ्यासकट फोडलेली आणि आतली कोय काढून टाकलेली. मीठ नाही, मसाला नाही. मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्या तीन-चार आठवड्यांत हातात येतो. लोणच्याच्या बाटल्या आजही मागच्या फळीवर आहेत. खपतात, पण निवांत.

सुरुवात अर्थातच बाटल्यांपासून झाली. सिंहगड रस्त्यावरच्या घराची मागची खोली, सासूबाईंचा हात आणि माझी हौस एवढंच भांडवल होतं. अन्नसुरक्षेचे नवे नियम २०११ मध्ये लागू झाले होते, त्यामुळे पहिल्या लेबलपासूनच चौदा आकडी नोंदणी क्रमांक छापला. छोट्या उत्पादकाला, म्हणजे १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला, तेव्हा परवान्याऐवजी साध्या नोंदणीवर काम भागत होतं आणि तिची वर्षाची फी १०० रुपये होती. कागदपत्रांची धास्ती घेऊन घरगुती उद्योग लपूनछपून चालवणाऱ्या बायका मला अजून भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पण पुण्यात लोणचं विकणं सोपं नाही. इथे प्रत्येक घरात एक आजी होऊन गेलेली असते आणि तिच्या लोणच्याची सर जगातल्या कुठल्याही लोणच्याला येत नाही. प्रदर्शनात लोक चमचाभर चाखायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "छान आहे हो, पण आमच्याकडे मेथी जरा पुढे असते." दुसरीला हिंग कमी वाटायचा, तिसरीला मोहरीची डाळ चढलेली हवी असायची. सगळ्यांचं बरोबरच होतं. भिडेखातर एखादी बाटली जायची, दुसरी मागायला कोणी यायचं नाही.

वळण दिलं ते आमच्याच गल्लीतल्या एका काकूंनी. पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या दारात पाच किलो कैरी घेऊन उभ्या. "मसाला माझा आहे, तेल माझं आहे, बरणी धुऊन उन्हात ठेवलीय. अडकित्ता तेवढा आता दाबवत नाही. फोडून देतेस का?" फोडून दिल्या. किती झाले म्हणाल्या, मी काही नको म्हटलं, तर पिशवी खाली ठेवून उभ्याच राहिल्या. पैसे घेतल्यावरच गेल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या भिशीतल्या तिघी आल्या.

मंडईत हे काम हंगामात पूर्वापार चालतं. अडकित्ते घेऊन बसलेली माणसं कैरी घेणाऱ्याला तिथल्या तिथे फोडून देतात. आम्ही शोध वगैरे काही लावला नाही. फक्त त्या आधीचं धुणं-पुसणं आणि नंतरचं कोय काढणं अंगावर घेतलं, कारण खरा कंटाळा त्याचाच असतो. लोणचं नासतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. घाईत पुसलेली कैरी, ओला चमचा, नीट न वाळलेली बरणी, यांतलं काहीतरी नडतं. मिठाचं प्रमाण पुरेसं असेल आणि फोडी खाराखाली किंवा तेलाखाली बुडालेल्या असतील तर बुरशीला वाव मिळत नाही. तेलाचं काम चवीइतकंच हवा अडवण्याचंही आहे. म्हणून आम्ही कैरी धुतल्यावर पंख्याखाली पसरतो, मग फडक्याने एकेक पुसतो आणि त्यानंतरच अडकित्त्याला लावतो. हे सांगितलं की गिऱ्हाईक मागे लागत नाही की "लवकर द्या".

कैरी कुठली हाही एक लांबणारा विषय आहे. लोणच्याला बाठा धरलेली कैरीच हवी. कवळी असेल तर फोड कवचाला धरून राहत नाही आणि दिवाळीपर्यंत गाळ होतो. गावरान कैरी आंबट आणि रेषाळ असते, मुरायला वेळ घेते, पण टिकते. राजापुरी मोठी, गर भरपूर. साखरांब्याला, गुळांब्याला, किसाच्या कुठल्याही प्रकाराला मी तीच सुचवते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे गेलं की आडत्याच्या गाळ्यासमोर कैरी आधी कापून बघायची आणि मगच भाव विचारायचा, हे सासऱ्यांनी शिकवलं. बघायला म्हणून नखं टोचणारी मंडळी आमच्या शेडमध्येही येतात. त्यांच्यासाठी पाटी लावली आहे: "कैरीला नख लावू नये. आम्ही कापून दाखवतो." पुण्यात राहून एकही पाटी नाही हे बरं दिसत नाही.

कैरी संपली की पूर्वी शेड रिकामं पडायचं. मग एकेक हंगाम जोडत गेलो आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला: या पदार्थात लोकांना काय स्वतः करायचंय आणि काय नकोसं होतंय?

मटारात उत्तर लगेच सापडलं, सोलणं नकोय. पावसाळ्यात पुरंदरचा वाटाणा येतो, गोड आणि महाग. थंडीत मध्य प्रदेशातून आवक वाढते आणि भाव खाली येतात. वर्षाची बेगमी करायची ती तेव्हा. आमच्याकडे सोलायला येणाऱ्या मावशी गप्पा मारता मारता गोणी संपवतात, त्यांचा वेग मला अजून जमत नाही. एक किलो शेंगांचे दाणे अर्धा किलोच्या आतच निघतात. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं, नाहीतर वजनावरून वाद ठरलेला. सोललेला मटार आम्ही तसाच देतो किंवा उकळत्या पाण्यातून काढून. पुष्कळ जणी विचारतात, फ्रीझरमध्येच टाकायचाय तर उकळायचा कशाला? फ्रीझरच्या थंडीत दाण्यातली विकरं, म्हणजे रंग-चव बदलवणारी एन्झाइम्स, मरत नाहीत, फक्त मंदावतात. दोन-तीन महिन्यांत रंग उतरतो, चव गवतासारखी होते. दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकला की ती विकरं निकामी होतात. पुढे महत्त्वाचं म्हणजे दाणे कोरडे करून पिशवीत पातळ, सपाट पसरून ठेवायचे. गोळा करून ठेवले तर मधल्या दाण्यांपर्यंत थंडी पोचायला फार वेळ लागतो आणि भाजीला घेताना दगड फोडावा लागतो तो वेगळाच.

आवळ्यात नकोसं काम होतं टोचण्याचं आणि किसण्याचं. मोरावळ्याचा पाक प्रत्येकीला आपल्याच हाताने करायचा असतो. ठीक आहे, टोचून देतो. पावसाळ्यात लिंबं स्वस्त होतात तेव्हा उपासाच्या गोड लोणच्यासाठी बिया काढलेल्या फोडी. फेब्रुवारीनंतर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा भाव उतरला की देठ काढलेली बारकी फळं, खास जॅमसाठी.

जॅमवरून आमचे वर्ग सुरू झाले. स्ट्रॉबेरी नेणाऱ्या मुली फोन करायच्या, जॅम पातळ राहिला, नाहीतर दगड झाला. बहुतेकींनी कुठेतरी १०५ अंशांपर्यंत शिजवायचं असं वाचलेलं असायचं. तो आकडा समुद्रसपाटीचा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. जॅम होतो तो पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा चार-पाच अंश वर, म्हणजे आपल्याकडे १०३ च्या सुमारास. १०५ ची वाट बघत बसलं तर दगडच होणार. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण थंड ताटलीत थेंब टाकून तो बोटाने ढकलला आणि त्याला सुरकुती पडली की त्या गॅस बंद करायच्या. मी नंतर रिफ्रॅक्टोमीटर घेतला, त्यात विरघळलेल्या साखरेचं प्रमाण दिसतं. विक्रीच्या जॅमला ते किमान ६५ टक्के लागतं. त्यांच्या ताटलीतला थेंब आणि माझं यंत्र एकमेकांच्या इतकं जवळ यायचं की त्या यंत्राच्या किमतीवरून मला पुढे बरेच दिवस ऐकावं लागलं.

वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ देते तो काय करायचं नाही, याला. मटार किंवा स्वीटकॉर्न मिठाच्या पाण्यात बाटलीबंद करून कपाटात ठेवायचा नाही. लसूण तेलात बुडवून ओट्यावर महिनोन् महिने ठेवायचा नाही. आंबटपणा मोजायचा पीएचचा आकडा ४.६ पेक्षा वर गेला, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट नसला, की हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. त्याला वास येईलच असं नाही आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. कारखान्यात अशा भाज्या दाबाखाली १२१ अंशांना तापवतात. घरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून तेवढी खात्री देता येत नाही. "आमच्या घरी वर्षानुवर्षं करतात, काही झालं नाही," असं कोणीतरी म्हणतंच. मी वाद घालत नाही, पण आमच्या शेडमध्ये ते होणार नाही. कैरी, लिंबू, आवळा मुळातच आंबट असल्यामुळे आपल्या आज्यांचा कारभार निभावला. टोमॅटो सीमारेषेवर असतो, त्यात लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड घालायचंच. पुरंदरच्या अंजिराचंही तसंच. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ चवीला अप्रतिम, पण आंबटपणा जवळजवळ नाही. अंजिराच्या जॅमला लिंबू हवंच, सुरक्षिततेसाठी आणि जॅम धरण्यासाठीही.

परिरक्षकांबद्दल, म्हणजे पदार्थ टिकवायला घालायच्या रसायनांबद्दलही, वर्गात विचारतात. सरबत वर्षभर बाहेर ठेवायचं असेल तर प्रमाणात वापरायला माझी हरकत नसते. फक्त स्ट्रॉबेरी, जांभूळ, कोकम यांत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नये, लाल-जांभळा रंग फिका पडतो. तिथे सोडियम बेंझोएट. आंबा-लिंबाला मेटाबायसल्फाइट चालतं.

२०२० चा उन्हाळा वेगळाच गेला. मार्केट यार्ड कधी चालू, कधी बंद. कोकणातले बागायतदार थेट सोसायट्यांच्या फाटकापर्यंत पेट्या पोचवू लागले. लोकांनी हौसेने दोन-दोन पेट्या घेतल्या आणि मग सगळा आंबा एकदम पिकला. शेड बंद असल्यामुळे आम्ही फोनवरूनच सांगत होतो: रस गाळा, मंद आचेवर गरम करा, गार झाला की पिशव्यांत सपाट भरून फ्रीझरला लावा. त्यातल्या अनेकांनी पुढच्या वर्षी आंबेच आमच्याकडे आणून दिले. आज मेच्या मध्यापासून आम्ही लोकांच्या स्वतःच्या आंब्यांचा रस काढून देतो. गावच्या घराची झाडं असलेले बरेच जण येतात. प्रत्येकाचा रस वेगळा काढायचा, मधे यंत्र धुवायचं, नावाची चिठ्ठी डब्याला आधी लावायची. पावसाची सर पडून गेली की मात्र आंबा घेत नाही, अळी निघते आणि ती यंत्रात गेल्यावर कळून उपयोग नसतो.

रसाच्या कामामुळेच यंत्रं घ्यावी लागली. आमच्या धंद्यात पैसा ज्या महिन्यात लागतो त्या महिन्यात नसतो. कर्ज मागायला गेले तेव्हा पहिल्या बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "कैरी फोडायला कर्ज?" दुसरीकडे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून काम झालं. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तेव्हा प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान होतं. आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत चालायची आणि अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करायची. अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, हातात रोख मिळत नाही, त्यामुळे हप्त्यांचा हिशेब आधी मांडून मगच उडी मारावी. त्यातून रस काढायचा पल्पर आणि डीप फ्रीझर आले. गुरुवारी वीज जाणार हे पुणेकर गृहीतच धरतात, म्हणून फ्रीझर बुधवारी रात्री शक्यतो पूर्ण भरलेला ठेवतो. भरलेला आणि झाकण न उघडलेला फ्रीझर थंडी बराच वेळ धरून ठेवतो.

शाखा काढा, असं सांगणारे भेटतात. कोथरूडला काढा, बाणेरला तर हमखास चालेल. अडकित्त्यावर बसणारी माणसं मिळाली तर विचार करू. दिवसभर कैरी फोडून खांदा भरून येतो, तेव्हा त्यांना हंगामात दर दोन तासांनी बदली द्यावी लागते आणि तसे हात शहरात कमी होत चाललेत. यंत्राने फोडून बघितली, बाठ्याचा चुरा होतो. तोवर आहे ते शेड पुरे.

यंदा नवं एवढंच करतोय की कैरीबरोबर मोहरीची डाळ, तळायची मेथी, हळद आणि हिंग यांच्या सुट्या पुड्या देणार. एकत्र केलेला तयार मसाला नाही. मेथी किती घालायची ते ज्याचं त्याने बघावं.