आठशे वेळा तीस सेकंद

पायवाटांच्या नकाशाचं रात्रीचं बॅकअप एकदाचं मार्गी लागलं, असं गेल्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं. सोमवारी सकाळी सहाला उठून पाहतो तर कमांडची काळी खिडकी अजून उघडीच, आणि तिच्यात तेच रडगाणं चाललेलं. एरर ३२, फाइल दुसऱ्या प्रोसेसच्या ताब्यात आहे, तीस सेकंद थांबतोय, पुन्हा बघतोय. काम रात्री अकराला सुरू झालं होतं. चारपैकी पहिला जीडीबी (नकाशाचा डेटा ठेवणारं फोल्डर) जेमतेम उतरला होता आणि त्यातल्या एका लॉक फाइलपाशी (डेटा वापरात आहे अशी खूण करणारी फाइल) रोबोकॉपी, म्हणजे विंडोजची फाइली कॉपी करणारी कमांड, ठिय्या देऊन बसला होता. लॉगमध्ये त्या एकाच फाइलवर आठशेच्या आसपास प्रयत्न. फाइलचा आकार शून्य बाइट!

चूक माझीच. /आर (किती वेळा प्रयत्न करायचा) आणि /डब्ल्यू (दर वेळी किती सेकंद थांबायचं) दिलेच नव्हते. ते दिले नाहीत की रोबोकॉपी प्रत्येक अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब मांडला तर एका फाइलपायी सुमारे ३४७ दिवस. चिकाटी असावी तर अशी. आता /आर:२ /डब्ल्यू:३ लावलंय. तुमच्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये हे नसेल तर हे वाचता वाचताच घालून टाका.

पण त्यानं नुसतं अडणं संपलं, लॉकचा प्रश्न तसाच राहिला. नकाशाचं सॉफ्टवेअर मी रात्री उघडंच ठेवतो, कारण पंचवीस लेयर, म्हणजे नकाशाचे थर, पुन्हा चढवायचा कंटाळा. सॉफ्टवेअर उघडं असलं की जीडीबीच्या फोल्डरात लॉक फाइली बसलेल्या असतातच. आधी वाटलं, हक्कांचा घोळ असेल. अॅडमिन म्हणून /झेडबी (परवानगी नाकारली की बॅकअप मोड) लावून चालवलं. ढिम्म. नंतर डोक्यात प्रकाश पडला: बॅकअप मोड परवानगीचा अडसर ओलांडतो, म्हणजे एरर ५ चा. दुसऱ्या प्रोग्रामनं फाइल मुठीत धरली असेल तर त्याचा काही उपयोग नाही. ५ आणि ३२ हे वेगळे आजार आहेत, आणि मी दोन संध्याकाळी एकाचं औषध दुसऱ्याला देत होतो.

उत्तर निघालं ते अगदीच साधं: /एक्सएफ *.लॉक. लॉक फाइली सोडून बाकी सगळं उचल. त्या फाइलींत नकाशाचा एक बिंदूही नसतो, त्यामुळे त्या मागे राहिल्या तरी प्रत बिनतक्रार उघडते. खऱ्या डेटाच्या फाइली सॉफ्टवेअर इतरांना वाचू देतं, कडेकोट धरून ठेवतं ते फक्त लॉकला. चारही जीडीबी अकरा मिनिटांत उतरले. एक्सकॉपी या जुन्या कॉपी कमांडच्या /एक्सक्लूडनंही हे जमतं, पण त्याला वगळायचे शब्द वेगळ्या टेक्स्ट फाइलीत लिहून द्यावे लागतात आणि तो शब्द पूर्ण पाथमध्ये कुठेही सापडला तरी ती फाइल गाळतो. एखाद्या फोल्डरच्या नावात तो शब्द आला की आख्खं फोल्डर गायब. मी त्याच्या वाटेला जात नाही.

एवढ्यावर खूश होऊन झोपलो असतो. पण ठरल्या वेळी काम चालवणारा टास्क शेड्युलर म्हणे, काम फसलं, कोड १. रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच. खरी बोंब ८ पासून पुढे. बॅच फाइलीच्या शेवटी ८ च्या खालचा प्रत्येक कोड शून्य करून टाकला.

आता खरं डोकं खाणारं प्रकरण. बुधवारी मी मुद्दाम उपद्व्याप केला. एका बाजूला पाणवठ्यांच्या लेयरमध्ये नवे बिंदू टाकून सेव्ह करत होतो, दुसऱ्या बाजूला कॉपी चालू. कोड १, एरर एकही नाही, सगळं गोड. प्रत उघडली तर पाणवठ्यांच्या टेबलात शेवटच्या काही ओळी वाचताच येईनात. मूळ ठणठणीत, प्रत लंगडी.

फोल्डरात डोकावलं तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक टेबलाच्या दोन मुख्य फाइली असतात: एक .जीडीबीटेबल, ज्यात खऱ्या ओळी, आणि दुसरी .जीडीबीटॅबएलएक्स, ज्यात कोणती ओळ पहिल्या फाइलीत कुठल्या बाइटपासून सुरू होते याची यादी. नावं जवळजवळ सारखीच, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं, आणि वर्णक्रमात टेबल आधी येतं. म्हणजे टेबल उचललं, मधल्या क्षणी मी दोन बिंदू सेव्ह केले, मग यादी उचलली. यादीत नव्या ओळींचा पत्ता आहे, पण टेबलाच्या प्रतीत त्या पत्त्यावर घरच नाही! हा फॉरमॅट अधिकृतपणे उघड केलेला नाही. जे कळतं ते हौशी लोकांनी बाइट बाइट उसवून लिहून ठेवलंय म्हणून. त्यांचे पाय धरावेत.

म्हणजे ज्या लॉकना मी आठवडाभर शिव्या घालत होतो, ते हेच सांगत होते. जरा त्यांची नावं वाचा. लेयरचं नाव, मग कॉम्प्युटरचं नाव, मग प्रोसेसचा नंबर, आणि शेवटी एसआर, आरडी नाहीतर ईडी. नुसतं उघडून बघत असाल तर ईडी दिसत नाही, संपादन सुरू केलंत की दिसतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये आता एक अट आहे: फोल्डरात *.ईडी.लॉक असेल तर त्या रात्री तो जीडीबी सोडून दे आणि लॉगमध्ये लिही.

हे लिहिताना लक्षात आलं की यातही भोक आहे. सॉफ्टवेअर मध्येच कोसळलं तर ईडी लॉक अनाथ होऊन तिथेच पडून राहतो, आणि माझी स्क्रिप्ट त्या जीडीबीला जन्मभर हात लावणार नाही. मग अटीच्या आधी थेट डेल *.लॉक चालवलं तर? जिवंत लॉक पुसला जाणार नाही, प्रोसेस तो सोडणारच नाही. मेलेले तेवढे साफ होतील. आत्ताच करून पाहिलं. सॉफ्टवेअर टास्क मॅनेजरमधून ठार केलं, दोन लॉक मागे राहिले, डेलनं दोन्ही उडाले. परत उघडून डेल दिलं तर नकार. झकास! हे माझ्या एकट्याच्या डिस्कवर ठीक आहे. चारजण वापरतात त्या फोल्डरावर कृपा करून करू नका.

सगळं जिओपॅकेज या एकाच फाइलीत मावणाऱ्या नकाशा-फॉरमॅटमध्ये नेण्याचा बेत मात्र पुढे ढकललाय. तिथे कॉपी अडतच नाही, आणि भीती त्याचीच. ती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची फाइल. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी असताना ताजे बदल शेजारच्या -डब्ल्यूएएल फाइलीत असू शकतात. मुख्य फाइल एकटी उचलली तर प्रत उघडते छान, फक्त संध्याकाळचं काम त्यात नसतं. तिथे रोबोकॉपी नकोच, एसक्यूलाइटच्या प्रत काढायच्या कमांडी बऱ्या: .बॅकअप किंवा आवृत्ती ३.२७ पासून आलेलं व्हॅक्यूम इंटू. जीडीबीतून ओजीआर२ओजीआर या फॉरमॅट बदलणाऱ्या कमांडनं दर रात्री जिओपॅकेज काढायचा विचारही केला होता, पण टोपोलॉजीचे नियम (आकृत्या एकमेकींशी कशा जुळाव्यात ते) त्यात येत नाहीत आणि ते बसवायला मला एक पावसाळा लागलाय.

आज रात्री पाणवठ्यांचं संपादन मुद्दाम उघडं ठेवून झोपतोय. सकाळी लॉगमध्ये तीन जीडीबी उतरलेले आणि चौथ्यापुढे 'सोडला' एवढाच शब्द दिसायला हवा.