दिवाणातली बंदूक

आमच्या दुकानात बंदुका विकल्या जातात कमी आणि ठेवायला येतात जास्त. पुण्यात परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांचं हे आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान. मालक वारला, परवान्याची मुदत संपली किंवा आणखी काही कारणाने हत्यार जवळ ठेवणं बेकायदा झालं, की ते विनाविलंब पोलीस ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या विक्रेत्याकडे जमा करायचं, असं शस्त्र कायदाच सांगतो. डिसेंबर २०१९मध्ये कायदा बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं, तेव्हा तर आमची कपाटं पुरेनात. त्यामुळे ‘हत्यार जमा करायचंय’ असा फोन आला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हत्यार आत्ता कुठे आहे?

त्या सकाळी उत्तर आलं, “ट्रकमध्ये.”

फोनवर वाकडहून एक ताई बोलत होत्या. सासू-सासरे ग्वाल्हेर सोडून कायमचे मुलाकडे राहायला आले होते. म्हातारी माणसं झेलम एक्सप्रेसने आली आणि घरसामान ट्रकने निघालं. सकाळी चहा घेता घेता सासरे सहज म्हणाले, “दिवाण माझ्याच खोलीत लावा हं, त्यात बंदूक आहे.” रजया, गाद्या, त्याखाली जुन्या धोतरात गुंडाळलेली दुनळी बारा बोअर.

“दादा, ट्रक उद्या पोचेल. सामान उतरलं की लगेच तुमच्याकडे आणून दिली तर चालेल ना?”

मी परवाना हातात घ्यायला सांगितला आणि त्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते वाचायला लावलं. ‘मध्य प्रदेश.’ मुदत शिल्लक होती, राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांकही होता. ट्रकबरोबर घरचं कोण आहे? कोणीच नाही. ड्रायव्हर आणि क्लीनर.

“नाही चालणार,” मी म्हणालो. “ट्रक आत्ता कुठे आहे तेवढं आधी शोधा.”

ग्वाल्हेरच्या माणसाला यात काही गैर वाटलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. चंबळच्या त्या पट्ट्यात खांद्यावर बंदूक टाकून बँकेत जाणारा माणूस दिसला, तर कोणी वळूनही बघत नाही. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य द्यायची योजना निघाली होती, एवढं तिथे परवान्याचं अप्रूप. ताईंच्या सासऱ्यांची, म्हणजे काकांची, बंदूक त्यांच्या वडिलांपासूनची. शिंदेशाहीत लष्करात येऊन स्थायिक झालेलं मराठी घराणं, गावाकडे थोडी शेती. बंदूक त्यांच्या लेखी घरातली वस्तू होती आणि घर हललं तेव्हा तीही हलली.

पण परवाना वस्तूला नसतो, माणसाला असतो. परवानाधारकाच्या ताब्यातून सुटून बंदूक ज्याच्या ताब्यात गेली, तो विनापरवाना हत्यार बाळगणारा ठरू शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. इथे तो माणूस होता भाड्याने गाडी चालवणारा ड्रायव्हर, ज्याला आपल्या मागे काय आहे याचा पत्ताच नव्हता. त्यातून परवाना मध्य प्रदेशापुरता. सीमा ओलांडली, की काका स्वतः गाडीत बसलेले असते तरी तो कागद उपयोगाचा नव्हता.

आणि सीमा कुठली? आग्रा-मुंबई रस्त्यावरचा सेंधवा, बिजासनचा घाट, मग पळासनेर, शिरपूर, धुळे. सेंधवा ज्या बडवानी जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या उमर्टीचे गावठी कट्टे आमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहेत. धुळे आणि जळगावचे पोलीस त्या बाजूने येणाऱ्या हत्यारांवर डोळ्यांत तेल घालून असतात. तिथे दिवाण उघडला गेला असता, तर परवाना पुण्यात, मालक पुण्यात आणि बेड्या मुरैनाच्या त्या ड्रायव्हरला.

ट्रक सापडला. जुलवानियाच्या पुढे एका ढाब्यावर जेवणासाठी थांबला होता. सीमेच्या अलीकडे! माझा जीव भांड्यात पडला, पण पुढचा घोळ मोठा होता.

सामान पोचवणाऱ्या एजंटाचं म्हणणं होतं, ड्रायव्हरला अजिबात कळू देऊ नका, तो गाडी टाकून पळेल. काकांच्या मुलाच्या एका वकील मित्राने वेगळाच मुद्दा काढला. ताबा जाणीवपूर्वक असेल तरच गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात सांगून ठेवलंय, आणि तो खटलाही मध्य प्रदेशातलाच. ड्रायव्हरला माहीत नाही हाच त्याचा बचाव आहे, तुम्ही सांगितलंत की तो बचाव गेला.

मुद्दा बिनतोड होता. तरी मला तो पटला नाही. बचाव कोर्टात कामाला येतो, आणि कोर्टात उभं राहीपर्यंत अटक, कोठडी, जामीन, जप्त गाडी हे सगळं त्या माणसाने भोगलेलं असतं. शिवाय आम्हाला सगळ्यांना आता माहीत होतं. माहीत असून त्याला घाटाकडे जाऊ द्यायचं, हे मला मान्य नव्हतं. मी मुलाला स्वच्छ सांगितलं, त्याला न सांगता ट्रक पुढे जाणार असेल तर मी यात नाही.

क्रम मात्र महत्त्वाचा होता. आधी सेंधव्याच्या ठाण्यात फोन लावला. काकांनी स्वतः बोलायचं, मी शेजारी. नाव, परवान्याचा क्रमांक, यूआयएन, बंदुकीचा क्रमांक, ट्रकचा क्रमांक, ढाबा कुठला, सगळं सांगितलं आणि ‘मी स्वतः परवाना घेऊन येतोय’ हेही. मग ड्रायव्हरला फोन. म्हणजे ज्या क्षणी त्याला कळलं, त्या क्षणी पोलिसांनाही ठाऊक होतं, लपवलेलं काही उरलं नव्हतं.

ड्रायव्हर बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, “बाबूजी, मेरे तीन बच्चे हैं. आपने लादते समय क्यों नहीं बताया?” काकांनी फोन माझ्याकडे दिला. मी त्याला सांगितलं, दिवाणाला हात लावायचा नाही, ताडपत्री सोडायची नाही, घाट उतरायचा नाही, पोलीस आले तर जे खरं ते सांगायचं. तो थांबला. पळाला नाही.

दुकान माझ्या मुलावर सोपवून मी काका आणि त्यांच्या मुलाबरोबर त्यांच्या गाडीत बसलो. नाशिक, मालेगाव, धुळे. वाटेत काका फारसं बोलले नाहीत. शिरपूरच्या आसपास एकदाच म्हणाले, “अहो शेठ, मी रेल्वेने आणली असती तर?” तरीही बऱ्हाणपूरच्या पुढे तीच अडचण आली असती, असं मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांचा प्रश्न मला समजत होता. आयुष्यभर नूतनीकरण एकदाही न चुकवलेला माणूस, आणि क्षेत्राच्या त्या रकान्याकडे बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

पोचलो तेव्हा रात्र झाली होती. ढाब्यावर ट्रकजवळ ठाण्याचा एक हवालदार खुर्ची टाकून बसला होता आणि ड्रायव्हर त्याच्यासमोर उकिडवा. हवालदारासमक्ष सामान उतरवलं. पंख्याचं खोकं, देवघर, लोणच्याच्या बरण्या, मग दिवाण. गाद्यांखालून ते धोतराचं गाठोडं निघालं तसा क्लीनर मागे सरकला. काकांनी बंदूक उचलली, नळ्या जमिनीकडे ठेवून खटका सरकवला आणि बिजागरीवर मोडून उघडून दाखवली. काडतुसांची दोन्ही घरं रिकामी. गाठोड्यातच एका जुन्या मोज्यात काडतुसं होती, ‘शक्तिमान’. आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. पुण्यात तयार होऊन ग्वाल्हेरला गेलेली ती काडतुसं बेकायदा पुण्याला परतायला निघाली होती.

ठाण्यात टीआयसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुख निरीक्षकांनी, नळ्या उतरवायला लावल्या. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर ठोकलेला आणि सांगाड्यावरचा क्रमांक बॅटरीच्या उजेडात परवान्याशी ताडून पाहिला. एक आकडा गंजाने पुसट झाला होता. मी खिशातलं भिंग दिलं, चिंधीला तेल लावून जागा पुसली, तेव्हा आठाचा आठच असल्याची खात्री झाली. तोवर खोलीत कोणी काही बोललं नाही. टीआय मग काकांवर चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. “लाइसेंस आपका, बंदूक आपकी, और घूम रही है किसी और के साथ! इस लड़के को मैं अंदर कर देता तो?” काकांनी हात जोडले. टीआयकडे नव्हे, ड्रायव्हरकडे वळून.

गुन्हा नोंदवायचा की नाही हे त्या अधिकाऱ्याच्या हातात होतं. मालकाने स्वतः कळवलं होतं, बंदूक परवान्याच्या क्षेत्राबाहेर गेली नव्हती, क्रमांक जुळत होते. सगळी हकीकत रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, लिहिली, काकांचा आणि ड्रायव्हरचा जबाब घेतला, बंदूक-काडतुसं रात्रीपुरती ठाण्यात ठेवून पावती दिली. ड्रायव्हरला पावतीची एक प्रत मी मागून घेतली. वाटेत कुणी विचारलं तर असावी म्हणून. खोळंब्याचे पैसे मुलाने तिथेच दिले आणि ट्रक पहाटे घाटाला लागला.

दुसऱ्या दिवशी काकांनी बंदूक स्वतःच्या ताब्यात घेतली आणि आम्ही इंदूरला गेलो, म्हणजे राज्य तेच. तिथे माझ्या ओळखीच्या परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा केली. पुण्याला आल्यावर मी काकांना पुढची रीत सांगितली. राहण्याचं ठिकाण कायमचं बदललं आणि हत्यारही सोबत न्यायचं असलं, की तीस दिवसांत नव्या आणि जुन्या दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना कळवायचं. वाकड पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तांच्या हद्दीत येतं, तेव्हा इथे आयुक्त आणि ग्वाल्हेरला जिल्हाधिकारी. पण त्याआधी परवान्याचं क्षेत्र वाढवून घ्यायचं. तिकडून ना हरकत, इकडे पत्त्याची पोलीस पडताळणी, मग नोंद बदलते, आणि सगळ्यात शेवटी हत्यार राज्याबाहेर निघतं. लोक नेमके उलट करतात. हत्यार आधी आणतात आणि कागद मागाहून शोधत बसतात.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मुलाला नकोय. मग मी हे कुणासाठी करू?” मी दुसरी वाट सांगितली. धारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं, तर २०१६च्या नियमांप्रमाणे तो हयात असतानाच कायदेशीर वारसाला त्या हत्याराचा परवाना मिळू शकतो. काका चौऱ्याहत्तरचे. त्यांची लेक इंदूरला असते, शाळेत शिकवते. तिला विचारायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिने एका वाक्यात होकार दिला, आजोबांची बंदूक आहे, मी घेते.

तिचा अर्ज आता इंदूरला चालू आहे. हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तिने मिळवलं, पोलीस पडताळणी व्हायची आहे. परवा तिचा फोन आला होता. विक्रेत्याकडे जाऊन त्याच्यासमोर बंदूक खांद्याला लावून पाहिली, म्हणाली, खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता लांब पडतो, कापून घेता येईल का? तिला म्हटलं, परवाना नावावर होऊ दे, मग तिथल्याच परवानाधारक कारागिराकडून मापाने कापून घे. आणि नळी आखूड करतो असं कुणी म्हणालं तर बंदूक उचलून बाहेर पड, त्याला कायद्यात वेगळं कलम आहे.