बाईंना आदर्श शिक्षक पुरस्कार का नाही मिळाला? तुम्ही विचारलंत म्हणून

५ सप्टेंबर जवळ आला की हा प्रश्न येतोच. फोनवर येतो, लग्नात जेवणाच्या पंगतीत येतो, एसटीत शेजारी बसलेला कुणीतरी आजीचा जुना विद्यार्थी निघतो आणि दोन मिनिटांत तोही विचारतो. एवढ्या मोठ्या बाई, अख्खं आयुष्य शाळेत घातलं, मग त्यांना आदर्श शिक्षक पुरस्कार कसा नाही मिळाला? आजी गेल्यापासून तर जास्तच. मी आजवर "तिला आवड नव्हती असल्या गोष्टींची" एवढं सांगून विषय बदलत आले. ते खोटं नाहीये, पण खरं उत्तरही नाही ते. आता तुम्ही माजी विद्यार्थ्यांनी मिळून तिच्या नावाने दरवर्षी एका शिक्षिकेला पुरस्कार द्यायचं ठरवलंय आणि घरच्यांची संमती मागितलीये, तर एकदाच सगळं सांगून टाकते.

तिच्यावर अन्याय झाला, राजकारण झालं, बाईमाणूस म्हणून डावललं, हे जे तुम्ही दरवेळी म्हणता ते आधी सोडा. पुरस्कारासाठी फाईल करावी लागते, आपणच आपली. फोटो, कात्रणं, दाखले, निकाल, सगळं लावून प्रस्ताव पाठवायचा. आजीने तो कधी पाठवलाच नाही. हेडमास्तरांनी दोनदा-तीनदा मागे लागून सांगितलं, तरी नाही.

आणि फाईलमध्ये लावायला काही नव्हतं असंही नाही. ५६ साली व्हर्नाक्युलर फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेच्या जोरावर लोकल बोर्डाच्या शाळेत लागलेली बाई, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा ती झेडपीची झाली, नोकरीत राहून पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकांचं ट्रेनिंग केलं, ९४ ला ५८ पूर्ण झाल्यावर रिटायर झाली. ७२ च्या दुष्काळात आईबाप खडी फोडायला कामावर आणि पोरं शाळेत, तेव्हा सुकडी वाटून झाल्यावर पोरांना अंधार पडेपर्यंत शाळेतच थांबवून घेणारी ती. एका खोलीत चार वर्ग, हे तुम्हाला माहितीये, तुम्ही त्याच खोलीत बसलेले आहात. पोरगी दोन दिवस दिसली नाही की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आजी तिच्या दारात. हे तर तुम्ही प्रत्येक भाषणात सांगता. बाई घरी यायच्या, बाई वस्तीवर यायच्या, आईबापाला समजावून पोरीला हाताला धरून घेऊन जायच्या.

मग मला सांगा, तुमच्यातल्या वयाने मोठ्यांना तरी आठवत असेल, ७६ साली बाई वस्तीवर आल्या की काय व्हायचं? गडीमाणसं मागच्या दाराने रानात पळायची.

हे कुणीच भाषणात सांगत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ७६ मध्ये मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, पण खाली पंचायत समितीपर्यंत दट्ट्या पोचायला कायद्याची वाट कोण बघतंय? त्या एका वर्षात देशभरात ८० लाखांच्या वर ऑपरेशनं झाली. ती आकाशातून नाही झाली. कुणीतरी दारोदार जाऊन माणसं आणली आणि आणणाऱ्यांत मास्तर होते, बाई होत्या, कारण गावात कुणाच्याही घरात शिरू शकणारं सरकारी माणूस दुसरं होतंच कोण.

आजीला केसेस आणायला सांगितलं, तिने आणल्या नाहीत. पगार थांबला. पहिल्या महिन्यात तिला वाटलं होईल काहीतरी, दुसऱ्या महिन्यात उधारी झाली. घरात चार पोरं, आजोबांचं शिवणकाम, ते दिवाळीपुरतं चालायचं. तिला तोंडी निरोप असा होता की तुम्ही सरकारी नोकर, तुम्हाला स्वतःला चार मुलं, मग आधी घरातलीच केस द्या, नाहीतर बाहेरची आणा.

आता इथून पुढचं जे आहे ते काकांना लिहिलेलं नको होतं. आजोबा नाही म्हणाले. साफ नाही. भ्यायले असतील, त्या दिवसांत नसबंदीच्या कॅम्पच्या एकेक गोष्टी ऐकू यायच्या, भिणारच माणूस. पण ते नाही म्हणाले आणि दोन दिवस जेवलेही नाहीत, आणि आजीने पुन्हा विषय काढला नाही. मग ती नेहमीच्या सवयीने चौथीतल्या एका पोरीच्या घरी गेली. पोरगी हुशार होती, आजीच्या मते तिच्या हाताखालून गेलेल्यांत सगळ्यात हुशार, पाढे नुसते पाठ नाहीत तर उलटे विचारले तरी सांगायची. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढे हिला तालुक्याला ठेवायचं, माझ्या बहिणीकडे राहील, हे बोलायला गेले होते असं आजी म्हणायची. केससाठी गेले नव्हते, असंही म्हणायची. आणि मग लगेच म्हणायची, "पण नव्हतेच गेले असं कसं सांगू? डोक्यात ते होतंच की."

त्या पोरीचा बाप पळाला नाही. बाकीचे पळाले, हा ओट्यावर बसून राहिला. दोन पोरी होत्या त्याला, मुलगा नव्हता. चहा झाला, पोरीच्या शाळेचं बोलून झालं, आणि तो आपणहून म्हणाला, "बाई, तुमचा पगार अडलाय म्हनं. चला, कुठं यायचं ते सांगा."

आजीने त्याला नको म्हटलं का? हे मी तिला कितीतरी वेळा विचारलंय. एकदा म्हणाली, म्हटलं होतं. एकदा म्हणाली, तोंडाने म्हटलं असेल. शेवटी शेवटी म्हणाली, "मी त्याला कॅम्पची तारीख सांगितली." एवढंच. तारीख सांगितली म्हणजे काय ते मी समजायचं.

दिवाळीनंतर तालुक्याला कॅम्प झाला. तो गेला, आजी बरोबर गेली. पैसे मिळाले त्याला, सर्टिफिकेट मिळालं. चार दिवसांनी जागा सुजली, पू झाला, ताप. आजीने पदरचे पैसे घालून डॉक्टर केला, तोवर पगार सुटला होता तिचा. पण माणूस लवकर उठलाच नाही. ज्वारीची काढणी आली तेव्हा त्याच्या जागी कामावर बायको गेली आणि बायकोबरोबर ती पोरगी. परीक्षेलाही आली नाही. आजी तिसऱ्या दिवशी बोलवायला गेली नाही. सगळ्यांच्या दारात जाणारी बाई त्या एका दारात पुन्हा गेली नाही, रिटायर होईपर्यंत.

आणि वर्ष संपायच्या आत पंचायत समितीकडून आजीला प्रशस्तिपत्र आलं. राष्ट्रीय कार्यात उल्लेखनीय सहभागाबद्दल. तुम्ही कधी फाईल केली असेल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय, तिच्या काळात पुरस्काराच्या प्रस्तावात राष्ट्रीय कार्याचं पान असायचंच, जनगणना, निवडणूक, अल्पबचत, कुटुंब नियोजन, आणि तिच्याकडे त्या पानावर लावायला सगळ्यात वजनदार कागद हाच होता. हेडमास्तर तेच म्हणायचे, बाई हे लावा, याने काम होईल. म्हणून तिने फाईल केली नाही. हे उत्तर आहे तुमच्या प्रश्नाचं.

तिने मला हे एका बैठकीत नाही सांगितलं, तुकड्या तुकड्यांत, वर्षानुवर्षं. मी कॉलेजात होते तेव्हा तिच्याशी भांडायचे, तिच्याच बाजूने. म्हणायचे, तुझ्या हातात काय होतं? पगार बंद, चार पोरं, वरून दाब, सगळ्यांनीच केलं, आणि तो माणूस स्वतःहून आला ना! मला तेव्हा वाटायचं की मी नीट मुद्देसूद मांडलं तर तिचं ओझं उतरेल. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आणि संपाचं काय?"

संप म्हणजे ७७-७८ चा, राज्य कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा, ५४ दिवसांचा. आजी त्यात होती. सगळे दिवस. पगार नाही, घरात तीच चार पोरं, तोच शिवणकामाचा धंदा, आणि ती मागे हटली नाही. म्हणजे वर्षभरानंतर बिनपगारी राहता आलं. मग आधी का नाही आलं? पगार बंद होता हे कारण तिने माझ्या हातातून असं काढून घेतलं. मी तेव्हा निरुत्तर झाले होते. आज मी त्या कॉलेजातल्या मुलीला म्हणेन की अगं, संपात हजारो लोक बरोबर होते, ७६ ला ती एकटी होती आणि शेजारी नवरा दोन दिवस न जेवता बसला होता, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे सांग ना तिला. पण हे म्हटलं तरी आजी काय म्हणाली असती तेही मला ऐकू येतं. एकटा तर तोही होता की, ओट्यावर बसलेला.

मला राग येतो, खरं सांगते. ज्यांनी आकडे ठरवले, ज्यांनी पगार अडवला, त्यांच्यातल्या कुणाला असं आयुष्यभर खुपलं असेल असं मला वाटत नाही. आणि इथे एक प्राथमिक शिक्षिका स्वतःची फाईल स्वतःच बंद करून बसली. हे बरोबर आहे का? आणि त्याच वेळी, तिने ते सहज झटकून टाकलं असतं तर मला ती एवढी आवडली असती का, तेही माहीत नाही.

आजीच्या दहाव्याला ती मुलगी आली होती. मुलगी कसली, तिलाच आता नातवंडं आहेत. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, घाबरत घाबरत. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "शाळा तर सुटणारच होती की. पाचवीला परगावी कोण धाडणार होतं मला? आमचा आजा ऐकणारा होता व्हय?" मी म्हटलं, पण बाईंनी तालुक्याची सोय केली होती ना, तुमचे वडील तयार होते. ती म्हणाली, असलं काही घरात बोललेलं तिला आठवत नाही. वडील बाईंबद्दल कधी वाईट बोलले नाहीत एवढं आठवतं. आणि बाई पुन्हा घरी आल्या नाहीत, हेही आठवतं. "का आल्या न्हाईत कुणास ठाऊक, आई लई दिवस वाट बघायची." हे ऐकून मी काय करायचं होतं? आजीला सांगायला आजी नाही. शाळा तशीही सुटणारच होती, हे खरं असेल तर तिने उगाच सोसलं. आणि तालुक्याची सोय खरंच झाली होती, हे खरं असेल तर त्या मुलीला स्वतःचं काय गेलं ते आजही माहीत नाही. दोन्हीतलं काय खरं, ते कळायला आता मार्ग नाही.

तर संमतीबद्दल. काका सही करणार आहेत, त्यांचा हक्क आहे, त्यांची आई होती ती, मी अडवणार नाही. हे लिहिणार आहे म्हणून त्यांना फोन केला तर आधी चिडले, मग म्हणाले, आजोबांचं नाव घेऊ नकोस, तर नाव घेतलेलं नाही. कार्यक्रमात बाईंचा परिचय मी वाचावा असं तुमचं म्हणणं आहे. वाचीन. ५६ वाचीन, ७२ वाचीन, संप वाचीन, आणि ७६ पण वाचीन, आजोबांचं सोडून सगळं, जसं इथे लिहिलंय तसं. ते चालणार नसेल तर आत्ताच कळवा, म्हणजे पत्रिका छापायच्या आधी दुसरं कुणीतरी बघता येईल.