तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यातली सेटिंग

"ताई, तुमचं बायोस व्हर्जन कोणतं? आणि सेटिंगचा फोटो टाका ना फक्त, बाकी मी पाहून घेतो."

असा निरोप मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतो. बायोस म्हणजे पीसी सुरू होताना सर्वात आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेला प्रोग्राम; प्रोसेसरच्या सेटिंग तिथेच बदलतात. कधी भाच्याच्या कॉलेजातल्या मित्राकडून, कधी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एखाद्या पोराकडून. गेल्या आठवड्यात आमच्याच अपार्टमेंटमधला दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा थेट दारात आला. मी घरांचे थ्रीडी व्ह्यू करते. आर्किटेक्ट नकाशे देतात, मी त्यांना घर उभं करून दाखवते. माझा पीसी रात्र-रात्र रेंडर करत असतो, म्हणजे त्या घरांची चित्रं तयार करत असतो, आणि त्याचा प्रोसेसर मी ओव्हरक्लॉक केलेला आहे, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त पळवलेला आहे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय.

फोटो मी पाठवत नाही. लोकांना वाटतं, ताई हातचं राखून ठेवते. तसं नाही. माझे आकडे तुमच्या मशीनवर चालणार नाहीत, आणि चालल्यासारखे दिसले तर जास्त घात करतील. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माझ्याकडे २०२१ पासून एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर आहे, बी५५० मदरबोर्डावर. आठ कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये स्वतंत्र काम करणारे आठ भाग. कंपनीच्या हिशेबाने त्याला जास्तीत जास्त १४२ वॅट मिळतात आणि ९० अंशांना तो स्वतःला आवरायला लागतो. आजच्या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग म्हणजे पूर्वीसारखं गुणक वाढवून एकच वेग ठोकून देणं राहिलेलं नाही. प्रोसेसर स्वतःच सेकंदाला कितीतरी वेळा वेग बदलतो. आपण त्याच्या मर्यादा थोड्या हलवतो. त्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. प्रोसेसरच्या पोटात एक तक्ता असतो: इतक्या वेगाला इतका व्होल्टेज. कारखान्यातून निघणाऱ्या सगळ्या चिपना पुरावा म्हणून तो जरा सैल हाताने बनवलेला असतो. कर्व्ह ऑप्टिमायझर त्या तक्त्यातून थोडं थोडं काढून घेतो. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० ही शेवटची पायरी. व्होल्टेज कमी झाला की उष्णता कमी होते आणि तेवढ्याच वॅटमध्ये प्रोसेसरला आणखी वर पळायला जागा मिळते.

आता घात कसा होतो ते सांगते, कारण तो माझ्याच टेबलावर झाला.

डिसेंबर होता. मी कुणाचे तरी आकडे पाहून सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० लावले. सिनेबेंच ही वेग मोजणारी चाचणी दहा मिनिटं चालली, गुण वाढले, तापमान उतरलं. खूप आनंद झाला. दोन दिवस रेंडरही सुरळीत झाले. तिसऱ्या रात्री मशीनवर काहीच काम नव्हतं, एक नकाशाची पीडीएफ उघडून मी चहा घेत बसले होते, आणि स्क्रीन एकदम काळी होऊन पीसी पुन्हा सुरू झाला. चूक सांगणारी निळी पाटी नाही, काही नाही. आठवड्यात असं चारदा झालं, आणि चारही वेळा मशीन रिकामं असताना. मी पॉवर सप्लायवर संशय घेतला, मग रॅमवर, मग घरातल्या वायरिंगवर.

शेवटी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. तिथे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या व्हीआ लॉगरची नोंद होती: इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर, आणि खाली एपिक आयडी, म्हणजे थ्रेडचा क्रमांक, ४. दुसऱ्या वेळच्या नोंदीत ५. प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड, म्हणजे एका वेळी हाती घेता येणाऱ्या कामांच्या दोन रांगा, असतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून ४ आणि ५ हे दोन्ही कोअर क्रमांक २ चेच. चारही वेळा तोच एक कोअर. पॉवर सप्लाय बिचारा निर्दोष होता.

याचं कारण समजलं तेव्हा मला हा सगळा विषयच पहिल्यांदा समजला. आठही कोअर दाबून काम करत असतात तेव्हा प्रत्येकाचा वेग मध्यम असतो आणि काढून घेतलेला व्होल्टेज खपून जातो. मशीन रिकामं असताना मात्र एखादं छोटंसं काम आलं की एकच कोअर क्षणभर आपल्या सर्वोच्च वेगावर उडी मारतो. त्या उडीला व्होल्टेज कमी पडला की तिथेच खेळ संपतो. उडी मारायला प्रोसेसर त्याचे सर्वात चांगले कोअर निवडतो, आणि हे चांगले कोअर मुळातच कमी व्होल्टेजवर काढलेले असतात. त्यांच्याकडून आणखी काढून घ्यायला फारसं उरलेलंच नसतं. म्हणजे सरसकट उणे ३० मध्ये सर्वात आधी मार खातो तो घरातला कर्ता मुलगा.

मग मी कोअरसायकलर लावलं. हे एका वेळी एकाच कोअरला कामाला लावतं आणि बाकीच्यांना बसवून ठेवतं. रात्री झोपताना सुरू करायचं, सकाळी पाहायचं. कोअर २ दोन मिनिटांत पडला. त्याला उणे ८ वर आणलं तेव्हा तो रात्रभर टिकला. कोअर ५ उणे १२ वर थांबला. बाकीचे सहा उणे २० ते २५ च्या दरम्यान. हे आकडे मिळवायला मला सोळा रात्री लागल्या. एकाच ट्रेमधून निघालेल्या दोन चिप सारख्या नसतात, एकाच चिपमधले आठ कोअरही सारखे नसतात. माझा फोटो तुमच्या काय कामाचा, तुम्हीच सांगा.

एवढं करून मी निश्चिंत झाले, आणि मग नागपूरचा मे आला.

इथल्या माणसाला मे काय असतो ते सांगायला नको. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापलेले नऊ दिवस, लागतो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि कूलर चालू असूनही माझ्या टेबलापाशी थर्मामीटर ३५ दाखवतो. डिसेंबरात तीच खोली २० अंशांवर होती. प्रोसेसरवरचा पंखा आणि हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाहीत, ते फक्त खोलीच्या वर किती जायचं तेवढं ठरवतात. त्यामुळे खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. डिसेंबरात ७७ वर चालणारा माझा रेंडर मे महिन्यात ९० ला जाऊन टेकला, वेग खाली-वर व्हायला लागला, पंखे किंचाळायला लागले. शिवाय चिप जेवढी गरम तेवढी वीज तिच्यातून जास्त गळते, म्हणजे त्याच कामाला जास्त वॅट लागतात आणि ते वॅट पुन्हा उष्णताच वाढवतात. कोअर ५, जो सगळ्या हिवाळ्यात एकदाही चुकला नव्हता, दुपारी तीन वाजता चुकला.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. मशीन स्टेबल आहे की नाही हे मी नवतप्याच्या दुपारी ठरवते. डिसेंबरात रात्री दहा वाजता उत्तीर्ण झालेली सेटिंग ही मी उत्तीर्ण धरतच नाही. त्या मे महिन्यात मी प्रोसेसरची वॅट-मर्यादा १४२ वरून ११५ वर आणली आणि कोअर ५ ला उणे ९ केलं. माझा चाचणीचा एक ठरलेला सीन आहे, एका हॉलचा. तो ४० मिनिटांत व्हायचा, तो आता ४२ मिनिटांत होतो. तापमान ८२ च्या वर जात नाही. दोन मिनिटांच्या बदल्यात मला रात्रभराची झोप मिळाली आणि ग्राहकाला दिलेली वेळ पाळता आली. एवढा स्वस्त सौदा मला दुसरा माहीत नाही.

कूलरवरून आठवलं. पीसी कूलरच्या झोताच्या समोर ठेवू नका. हवा दमट आहे म्हणून आत दव धरेल ही भीती खरी नाही, कारण आतले भाग खोलीपेक्षा गरम असतात. त्रास होतो तो उडणाऱ्या तुषारांचा आणि त्यांच्यातल्या क्षारांचा. आपल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तोच मी एका मुलाच्या ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर पाहिलाय.

आता बायोस. खरा प्रश्न तोच होता.

दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "ताई, मी तर सर्वात नवीन टाकलं, तरी पीसी रीस्टार्ट होऊन राहिला. काहून होऊन राहिलं असं?" मी विचारलं, त्या व्हर्जनसोबत काय लिहून आलं होतं? त्याने वाचलंच नव्हतं. बहुतेक जण वाचत नाहीत. प्रत्येक व्हर्जनबरोबर बोर्ड कंपनी दोन-चार ओळी देते आणि सगळं त्या ओळींतच असतं. एएमडीच्या बोर्डांत अजेसा नावाचा एएमडीनेच दिलेला पाया असतो आणि त्याच्यावर बोर्ड कंपनी आपलं काम रचते. बोर्डाचा व्हर्जन क्रमांक प्रत्येक कंपनीचा वेगळा, पण अजेसाचा क्रमांक सगळीकडे सारखा. म्हणून मी आधी तो पाहते.

काही वेळा थांबणं चूक ठरतं. एप्रिल २०२३ मध्ये नव्या रायझन ७००० एक्सथ्रीडी चिप जळाल्याच्या बातम्या आल्या, आणि मग एएमडीने बायोसमधून एसओसी व्होल्टेजला (चिपमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टचं कुंपण घातलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागण्याची खोड होती. तिला आवर घालणारा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधूनच मिळायला लागला. तो १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवतो. झालेली इजा तो भरून काढत नाही, पुढची टाळतो. ज्यांच्याकडे या चिप आहेत आणि बायोस जुनं आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते काम करावं. ओव्हरक्लॉकिंग मग.

अशी तातडी नसेल तर मात्र मी तीन-चार आठवडे थांबते. बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेलं, असं लिहिलेलं व्हर्जन मी तेव्हाच टाकते, जेव्हा त्यात माझ्याच दुखण्याचं औषध असतं. एएमडीच्या काही मशीन मधूनच अडखळायच्या, माऊस आणि आवाज क्षणभर थिजायचा. त्यामागे एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरच्या आतली सुरक्षेची सोय, असल्याचं एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं आणि मे महिन्यापासून दुरुस्त बायोस यायला लागले. ज्याला तो त्रास होता त्याने ते लगेच टाकायलाच हवं होतं. ज्याला नव्हता त्याला घाई नव्हती.

टाकण्याआधी बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक वाचा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनची बायोस वेगळी असू शकतात. जुन्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढा, कारण जतन केलेलं प्रोफाइल नव्या व्हर्जनमध्ये बहुधा उघडत नाही. ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. आणि परत जुन्यावर जाता येणार नाही असं टिपेत लिहिलं असेल तर दोनदा विचार करा.

आणि वीज. माझ्या आधीच्या बोर्डाचं बायोस मी जूनच्या पहिल्या आठवड्यात अपडेट करायला घेतलं होतं. ढग भरून आले होते, पण यूपीएस आहे म्हणून मी बसले. ६० टक्क्यांवर वारं सुटलं आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती, ती मी कधी तपासलीच नव्हती. बोर्ड पुन्हा उठला नाही. त्याला मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण, म्हणजे बोर्ड उठत नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस टाकायची सोय, नव्हतं. सीताबर्डीवर एका दुरुस्तीवाल्या दादांकडे नेला. त्यांनी बोर्डावरची आठ पायांची चिप भिंगातून शोधली, तिला चिमट्यासारखी क्लिप लावली, क्लिपची वायर लॅपटॉपला जोडली आणि चांगलं बायोस तिच्यात ओतलं. क्लिप तीनदा निसटली. चौथ्यांदा धरली. "मॅडम, पाण्यापावसाचं नका करत जाऊ हे," एवढंच म्हणाले. मी तेव्हापासून अपडेटच्या आधी यूपीएसवर टेबलफॅन लावून दहा मिनिटं चालतो का ते पाहते. नवा बोर्ड घेतानाही आधी फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते विचारलं.

नवं बायोस बसलं की सगळं मूळपदावर आणायचं आणि त्याच अवस्थेत एक-दोन दिवस काम करायचं. मग एकट्या रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला तिच्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचं. लोक याला ओव्हरक्लॉक मानत नाहीत, पण ५८००एक्सला अधिकृत आधार ३२०० वेगाच्या रॅमचा आहे आणि आपण ३६०० ची रॅम लावतो, म्हणजे ते ओव्हरक्लॉकच झालं. मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, रात्रभर स्वच्छ गेल्याशिवाय प्रोसेसरला हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की चूक कुणाची ते कळत नाही. मी एक लांब वही ठेवलीय. तारीख, बायोस, खोलीचं तापमान, काय बदललं, किती तास टिकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मी फोटोऐवजी ती वही दाखवली, आणि त्याचा इव्हेंट व्ह्यूअर त्याच्याकडूनच उघडवला. त्याचा कोअर ६ निघाला.

माझं स्वतःचं बायोस दीड वर्ष तेच होतं. मध्ये दोन व्हर्जन येऊन गेली, टिपा वाचल्या, माझ्या कामाचं काही नव्हतं, राहू दिलं. तिसऱ्यात सुरक्षेची दुरुस्ती होती म्हणून ते टाकलं आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून केल्या. कोअर २ आता उणे ६ वर आहे.